डी२ पोलादाच्या सुरीला घरी ड्राय आइस किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून हार्डनेस वाढवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डी२ या हत्यारांच्या पोलादाच्या (टूल स्टील) दोन स्वयंपाकाच्या सुऱ्या तुम्ही स्वतः घासून बनवल्या, हार्डनिंग (भट्टीत तापवून मग गार करून कडक करणं) बाहेरून करून घेतलं आणि रॉकवेल, म्हणजे कडकपणाचा आकडा, ५७ आला. कुणीतरी सांगितलं की रात्रभर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, ६१-६२ होईल. हे घरी जमेल का, आणि नायट्रोजन मिळाला नाही तर ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) किंवा घरचा फ्रीझर चालेल का?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. या दोन सुऱ्या आता कितीही गारठवल्या तरी हाती फारसं लागणार नाही, कारण त्यांचं टेम्परिंग (कडक पातं पुन्हा कमी आचेवर तापवून ठिसूळपणा कमी करणं) होऊन गेलंय. पुढच्या सुऱ्या हार्डनिंग झाल्या झाल्या ड्राय आइसमध्ये घातल्यात तर फायदा खरा आहे, साधारण एक ते दोन पॉइंटचा. नायट्रोजन घरी आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ड्राय आइसपेक्षा त्याने जास्तीचं जे मिळतं ते त्याच्या धोक्याच्या मानाने थोडं आहे. माझी नोकरी टूलरूममध्ये डाय-पंच (पत्रा कापायचे-दाबायचे साचे) करण्यात गेली, सुऱ्यांचा नाद नंतर लागला, त्यामुळे मी भोसरीच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांच्या बोलीत बोलतो. तिकडे या प्रकाराला सगळे ‘सब-झिरो’ म्हणतात.

भट्टीत तापलेल्या पोलादात ऑस्टेनाइट नावाची रचना असते. क्वेंचिंग (भट्टीतून काढून गार करणं) करताना ठरावीक तापमानाला तिचं मार्टेन्साइट व्हायला लागतं आणि आणखी बरंच खाली गेल्यावर ते काम संपतं. कडकपणा मार्टेन्साइटचा. हा बदल घड्याळाकडे बघत नाही, थर्मामीटरकडे बघतो. जितकं खाली जाल तितकं मार्टेन्साइट होतं, तुम्ही थांबलात की तेही थांबतं. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास असतो. त्याच्यात हे सगळं खोलीच्या तापमानापर्यंत जवळपास उरकलेलं असतं. डी२मध्ये कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्के. त्यातलं बरंचसं कार्बाइडच्या (कार्बन आणि क्रोमियम मिळून झालेल्या) कडक कणांत अडकून पडतं, पण जे भट्टीत विरघळतं ते मार्टेन्साइटची सुरुवात आणि शेवट दोन्ही खाली ढकलतं. शेवट तर शून्याच्याही खाली जातो. म्हणजे पातं हाताला गार लागतं तेव्हा त्याचं क्वेंचिंग प्रत्यक्षात अर्धवट थांबलेलं असतं, आणि सब-झिरो म्हणजे तेच क्वेंचिंग पुढे चालू ठेवणं. यात जादू काही नाही.

कोइस्टिनेन आणि मारबर्गर यांनी १९५९ मध्ये यासाठी एक साधं सूत्र मांडलं, ते आजही वापरलं जातं. समजा एखाद्या पात्यात मार्टेन्साइट १५० अंश सेल्सियसला सुरू होतं. सूत्रात आकडे घातले की २५ अंशांना साधारण २५ टक्के ऑस्टेनाइट शिल्लक दिसतो. घरच्या फ्रीझरच्या उणे १८ला १६ टक्के. ड्राय आइसच्या उणे ७८ला ८ टक्के. द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ला २ टक्के. डी२सारख्या पोलादात प्रत्यक्ष आकडे इकडेतिकडे होतात, भट्टी किती तापवली त्यावर तर फारच. पण कल कळायला एवढं पुरे. मोठी उडी ड्राय आइसपर्यंतच मारून होते, तिथून पुढे ११८ अंश खाली जाऊन सहा टक्के मिळतात. फ्रीझरचंही उत्तर यातच आलं: अगदी वाया नाही, पण ड्राय आइसच्या साधारण अर्ध्या वाटेपर्यंतच पोचवतो.

शिल्लक ऑस्टेनाइट मऊ असतो. सुरीत तो जास्त राहिला की धार लावताना बर (कडेला उरणारी बारीक धातूची किनार) निघता निघत नाही, नुसती या बाजूची त्या बाजूला वळत राहते. लावलेली धारही कापताना लवकर दुमडते. डायमध्ये त्याचा वेगळाच ताप. ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना पोलाद फुगतं, आणि हा बदल पुढे वापरात सावकाश झाला की मायक्रॉनमध्ये बसवलेलं माप सुटतं. गेज आणि बारीक क्लिअरन्सच्या डाय यांना सब-झिरो लागतं ते मुख्यतः याच कारणाने. सुरी दोन मायक्रॉनने वाढली काय आणि न वाढली काय.

आता तुमच्या ५७कडे येऊ, कारण गोम तिथे आहे. डी२ नीट हार्डन करून २०० अंशांच्या आसपास टेम्पर केलं की ६०-६१ यायला हवा. ५७ आला म्हणजे शिल्लक ऑस्टेनाइटच कारण, असं लगेच धरू नका. मला तरी त्याआधी दुसऱ्या शंका येतात.

एक म्हणजे मोजलं कुठे? पात्याच्या उतारावर रॉकवेलचा हिरा टेकवला तर पातं कलतं आणि आकडा कमी येतो. मुठीजवळच्या सपाट भागावर, खाली नीट टेकवून घेतलेला आकडाच धरा. मग वरचा कार्बन जळाला आहे का ते बघा. उघड्या भट्टीत हजार अंशांच्या वर पातं अर्धा तास राहिलं तर वरचा थर कार्बन गमावतो. त्याच जागी दोन-तीन दशांश मिलिमीटर घासा, घासताना तापू देऊ नका, आणि पुन्हा मोजा. आकडा एकदम वर गेला तर पातं आतून चांगलं आहे, तुम्ही साल मोजत होता.

माझा सगळ्यात जास्त संशय मात्र टेम्परिंगवर आहे. कमर्शियल हीट ट्रीटमेंटवाल्याकडे डी२ येतं ते जवळपास नेहमीच डायसाठी. डायवाल्याला धार नको असते, फुटणार नाही अशी डाय हवी असते. म्हणून तुम्ही काही न सांगता माल टाकलात तर तो आपल्या सवयीने ५७-५९ला आणून देतो. त्यात त्याची चूक नाही. त्याने जर ५०० अंशांच्या वर दोनदा टेम्पर केलं असेल, तर शिल्लक ऑस्टेनाइट त्या उष्णतेनेच बदलून गेला असणार आणि नायट्रोजनला करायला काही काम उरलेलं नाही. त्याला फोन करून दोनच आकडे विचारा: हार्डनिंग किती अंशांना केलं, टेम्परिंग किती अंशांना. डी२साठी हार्डनिंग १०१० ते १०२० अंशांच्या आसपास असतं. १०५०-१०७० सांगितलं तर ऑस्टेनाइटवर संशय घ्यायला जागा आहे, कारण जितकं जास्त तापवाल तितका जास्त कार्बन विरघळतो आणि तितका जास्त ऑस्टेनाइट मागे राहतो. ९८० सांगितलं, किंवा सोकिंग (त्या तापमानाला धरून ठेवणं) पुरेसं दिलं नसेल, तर पातं मुळातच कमी कडक झालं आहे. भट्टीत जे घडलं नाही ते थंडीने घडत नाही.

समजा संशय खरा निघाला, ऑस्टेनाइटच जास्त आहे. तरीही टेम्परिंग झालेल्या पात्याला गारठवून फायदा थोडाच, कारण शिल्लक ऑस्टेनाइट वेळ मिळाला की हट्टी होतो. क्वेंचिंगनंतर काही तास नुसता पडून राहिला तरी होतो, २०० अंशांना टेम्पर केल्यावर तर फारच. मग तो उणे १९६लाही पूर्ण हलत नाही. बाजारात तयार सुऱ्या, रेझर, गिटारच्या तारा काय वाटेल ते ‘क्रायो करून देतो’ म्हणणारे असतात. टेम्पर झालेल्या सुरीसाठी मी त्यांना एक रुपया देणार नाही.

तुमच्यापुढे त्या दोन सुऱ्यांसाठी दोन वाटा आहेत. हार्डनिंग खूप वर झालं असेल तर त्याच माणसाकडून ५१०-५२० अंशांना दोनदा टेम्पर करून घेता येईल. ऑस्टेनाइट जाईल, हार्डनेस टिकेल किंवा थोडा वाढेल, गंजाला विरोध मात्र कमी होईल. डी२ तसंही पूर्ण स्टेनलेस नाही, लिंबू-चिंचेच्या हाताने वापरणार असाल तर फरक दिसेल. दुसरी वाट म्हणजे अॅनीलिंग करून (तापवून सावकाश गार करत पुन्हा मऊ करून) सगळं पहिल्यापासून. घासून पातळ केलेलं पातं त्यात वाकण्याची शक्यता दाट, म्हणून ती मी निवडणार नाही. खरं सांगू का, ५७ची डी२ची सुरी भाजीला उत्तम चालते. तिच्यातले क्रोमियमचे कार्बाइड आहेत तिथेच आहेत. धार थोडी जाड कोनाची ठेवा आणि वापरा.

नव्या पात्यांसाठी ड्राय आइसची रीत सांगतो. हार्डनिंग ज्या दिवशी त्याच दिवशी हे झालं पाहिजे, म्हणून भट्टी पेटवायच्या आधी ड्राय आइस हातात हवा. क्वेंचिंग झालं, पातं हाताला गार लागलं, की तासाभरात आत जाऊ द्या. कानशीने कडकपणा बघायचा तर बघा, पण सरळ करणं, पॉलिश वगैरे नंतर. तेल, पाणी पुसून कोरडं करा. जाड भिंतीच्या थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइसचा चुरा पसरा, पातं आडवं ठेवा, वरून चुऱ्याने पूर्ण झाका, झाकण नुसतं टेकवा. तासाभरात पातळ पातं आतपर्यंत गारठतं. मी दोन तास ठेवतो, ते केवळ समाधानासाठी. बाहेर काढून हवेतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि लगेच टेम्परिंगला घाला. हे टाळायचं नाही. नवं झालेलं मार्टेन्साइट काचेसारखं ठिसूळ असतं, पातं फरशीवर पडलं तर दोन तुकडे.

पुष्कळ जण ड्राय आइस स्पिरिटमध्ये किंवा अॅसिटोनमध्ये टाकून त्यात पातं बुडवायला सांगतात. थंडावा सगळीकडे सारखा आणि लवकर पोचतो हे खरं. पण मार्टेन्साइटला घाई नाही, आणि त्याच खोलीत तुमची हजार अंशांची भट्टी आहे. आयसोप्रोपाइल अल्कोहोलची वाफ १२ अंशांनाच पेट घेऊ शकते, अॅसिटोनची उणे २०ला. उणे ७८ला ते शांत असतं, संध्याकाळी खोकं तसंच विसरून गेलात की नसतं. शिवाय पहिले खडे टाकताना ते दुधासारखं उतू जातं. कोरड्या चुऱ्यात भागत असताना हे घरात कशाला? कुणी करणारच असेल तर भट्टी विझवून, उघड्यावर, आणि सॅनिटायझर वापरून नव्हे. त्यात पाणी असतं, त्याचा लगदा होतो.

ड्राय आइस स्वतःही निरुपद्रवी नाही. एका किलोचा साधारण ५४० लिटर कार्बन डायऑक्साइड होतो. पाच किलो दहा बाय दहाच्या बंद खोलीत उडून गेला तर हवेत तो नऊ-साडेनऊ टक्के होईल, आणि चार टक्क्यांनाच तो जिवाला तातडीचा धोका मानला जातो. जड असल्याने तो खाली साचतो, जिथे लहान मूल किंवा मांजर असतं. गच्ची, अंगण, खिडक्या सताड उघड्या असलेली पडवी, एवढ्याच जागा. गाडीतून आणताना काचा खाली. बरणीत किंवा फिरकीच्या झाकणाच्या डब्यात कधीच नाही, तो फुटतो. हाताळताना चामड्याचे हातमोजे आणि चष्मा.

नायट्रोजन मिळणं आपल्याकडे तितकं अवघड नाही, म्हणूनच लोकांना मोह होतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठित रेतमात्रा द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. उरुळी कांचनला बाएफ या पशुपैदास करणाऱ्या संस्थेचं काम आहे, नाशिकच्या अंबडला इंडियन ऑइलचा क्रायोकॅन (द्रव नायट्रोजनचे कॅन) बनवणारा कारखाना आहे, आणि मोटरसायकलला कॅन बांधून फिरणारा माणूस गावात सगळ्यांनी बघितलेला असतो. त्याच्याकडे ‘जरा दोन लिटर द्या’ म्हणून जाऊ नका. पातळी उतरली की आतल्या रेतमात्रा वाया जातात, आणि नुकसान शेतकऱ्याचं. शिवाय त्या कॅनचा गळा अरुंद असतो, तो सुऱ्यांसाठी केलेलाच नाही.

लोकांना धोका गोठण्याचा जास्त वाटतो, पण मला गुदमरण्याचा वाटतो. एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. दहा लिटर त्याच दहा बाय दहाच्या खोलीत उडाले तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६-१७वर येतो. साडेएकोणीसच्या खाली हवा अपुरी धरतात. आणि कार्बन डायऑक्साइडने निदान धाप लागते. नायट्रोजनने काहीच जाणवत नाही, माणूस सरळ खाली बसतो. तो कॅन घेऊन लिफ्टमध्ये शिरणं हा तर शुद्ध वेडेपणा. गंमत म्हणजे लागतो किती थोडा: २०० ग्रॅमचं पातं उणे १९६ला न्यायला हिशेबाने शंभर मिलिलिटर उडतो. बाकी सगळा भांडं गार करण्यात आणि ने-आणीत जातो.

‘रात्रभर’, ‘३६ तास’ हे आकडे कुठून आले तेही सांगतो, कारण ते अगदी हवेतले नाहीत. अमेरिकेत लुइझियाना टेकच्या रँडल बॅरन यांनी १९८२ मध्ये बऱ्याच पोलादांची झीज मोजली. टूल स्टीलला उणे ८४ला फायदा, उणे १९६ला आणखी, साध्या कार्बन पोलादाला काही नाही, असं त्यांना दिसलं. १९९४ मध्ये जपानमधल्या मेंग आणि सहकाऱ्यांनी डी२सारख्याच पोलादात अतिथंडीनंतर बारीक कार्बाइड पडतात असं दाखवलं. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातूनही २००१ मध्ये टूल स्टीलवर अशीच मापं आली. लांब वेळेचा आग्रह या बारीक कार्बाइडच्या बाजूने येतो, ऑस्टेनाइट तर गार होता होताच बदलतो. पण या चाचण्या बहुतेक घासून झीज मोजण्याच्या आहेत. पंचला ते लागू पडेल. सुरीची धार पाटावर आपटून दुमडते किंवा तिचा कपचा उडतो, नुसती झिजून ती क्वचित जाते. म्हणून सुरीसाठी ३६ तासांचे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. पंच करणाऱ्याने जरूर विचार करावा.

सगळ्या पोलादांना हा खटाटोप लागतही नाही. कमानीचा पाटा, ईएन८, ईएन४२ या साध्या पोलादांना शून्य फायदा. ओएचएनएसला (तेलात कडक होणारं टूल स्टील) थोडासा. ईएन३१ला (बेअरिंगचं पोलाद) कधी कधी, तापवलं जास्त असेल तर. डी२, डी३ आणि ४४०सीसारखी कडक होणारी स्टेनलेस यांना खरा उपयोग.

टेम्परिंग घरच्या ओटीजीत करणार असाल तर त्याच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ट्रेमध्ये वाळू भरून पाती त्यात पुरा, म्हणजे कॉइल चालू-बंद झाल्याचा झटका बसत नाही. १८० ते २०० अंश, दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. पातं चिरू नये म्हणून भोकांच्या आणि खाचांच्या कडा हार्डनिंगच्या आधीच गोल करा, आणि धारेची जाडी घासून अर्धा मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. काही जण गारठवण्याआधी १५० अंशांना तासभर टेम्पर करतात. चिरण्याची भीती जाते, पण ऑस्टेनाइट थोडा हट्टी होतोच. पातळ सुरीला मी ते करत नाही, जाड डायला करतो.

आणि हे सगळं नको असेल तर व्हॅक्यूम हार्डनिंगवाल्याकडे जा, बहुतेकांकडे सब-झिरोची सोय असते. जॉबवर्कच्या चलनावर नुसतं ‘डी२ हार्डनिंग’ लिहू नका. असं लिहा: ‘सुरीचं पातं, डायसाठी नाही. क्वेंचिंगनंतर त्याच दिवशी, टेम्परिंगच्या आधी सब-झिरो. टेम्परिंग २०० अंश, दोनदा. हवा असलेला हार्डनेस ६०-६१, मुठीजवळच्या सपाट भागावर मोजावा.’ थोडी पाती असतील तर ते किमान शुल्क लावतात, म्हणून ओळखीच्या दोघा-तिघांची पाती एकत्र करून टाका.